सायकलस्वाराची वाट : पुणे शहराचा अनुभव

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सकाळच्या प्रहरी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे आणि १९६० नंतर पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याकडे कामगारांच्या सायकलींची रीघ लागे. कारकून, प्राध्यापक, विद्यार्थी, पोस्टमन, दूधवाले अशा सर्व थरांतील माणसांचे ते वाहन होते. ज्याच्यापाशी स्वतःची सायकल नसे त्याला ती पेठेतील दुकानात तासाच्या भाड्याने मिळे. रात्री दिव्यावाचून किंवा डबलसीट जाणाऱ्यास पोलीस अडवीत. सायकलीला वाहन म्हणून केवढी प्रतिष्ठा होती हे त्यावरून दिसते.

परंतु हे शहर सायकलींसाठी बांधलेले होते, असे मात्र नव्हे. पेठांतील रस्ते पायी चालणाऱ्यांचे व बैलगाड्यांचे; लष्कर भागातील रस्ते पलटणींचे व टांग्यांचे. सायकली त्यांवरून निर्वेध चालल्या, याचे कारण मोटारी थोड्या होत्या. सायकलस्वाराला रस्त्यावर राखून ठेवलेली जागा कधी देण्यात आली नव्हती. त्यामुळे मोटारी वाढल्या तेव्हा त्याची जागा काढून घेण्यासाठी कोणताही ठराव करावा लागला नाही. ती आपोआप गेली.

या बदलाला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. १९६१ च्या पानशेत पुरानंतर सहकारनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या, पुढे शहर चहूबाजूंनी पसरले आणि घर व कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढले. दुसरी गोष्ट स्कूटरची. तिच्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, तोवर सायकल टिकली. १९८० नंतरच्या दशकात दुचाकी वाहने सहज मिळू लागताच ती मागे पडली. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर गेली होती.

तथापि सायकल नाहीशी झालेली नाही. शेती व घरगुती उद्योग यांव्यतिरिक्त अन्य कामे करणारे लोक कामावर कसे जातात, याची नोंद २०११ च्या जनगणनेत प्रथमच घेण्यात आली. देशभरातील अशा कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलीने जात होते, तर मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी होते. पुण्यात पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, बांधकामावरचा गवंडी, गल्लीबोळांतून फिरणारा विक्रेता आजही सायकलीवर दिसतो. हौसेने व व्यायामासाठी सायकल चालवणारा नागरिक अवघड रस्ता टाळू शकतो. या माणसांना ती मुभा नाही.

वाट कोठे तुटते?

सायकलमार्ग कसा असावा याविषयी मानकांची उणीव कधीच नव्हती. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच त्यासंबंधी शिफारशी केल्या. ज्या रस्त्यावर तासाला २०० हून अधिक मोटारवाहने धावतात तेथे तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो आणि त्याची रुंदी किमान २ मीटर असावी, असे त्यात सांगितले होते. आज पुण्याच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर २०० वाहने जाण्यास काही मिनिटे पुरतात. अडचण उद्भवते ती दुसऱ्या आकड्यापाशी. रस्ता भयप्रद झाला की सायकली घटतात, मोजणीत त्या थोड्या भरतात, आणि मोजणीत थोड्या भरल्या म्हणून मार्गाची गरज नाही असा निष्कर्ष निघतो.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर जलद बससेवेचा प्रयोग सुरू झाला. त्या रस्त्याच्या आखणीत कडेने पदपथ व सायकलमार्ग यांचाही समावेश होता. याच रस्त्यावरील कात्रजच्या कामगाराचा विचार करू. स्वारगेटकडे येताना सकाळी त्याला उतार मिळतो आणि दिवसभर राबल्यानंतर परतताना चढ. चढावर वेग मंदावला की सायकल सरळ रेषेत राहत नाही, तिला अधिक रुंदी लागते. ती मिळाली नाही तर मागून येणाऱ्या बसपासून त्याचे अंतर वीतभरच उरते. सायकलमार्ग असला तरी मध्येच बसथांबा येतो, पुढे विजेची पेटी, त्यापुढे उभ्या केलेल्या दुचाकी. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी मार्ग खाली उतरतो व पुन्हा वर चढतो. स्कूटरी शिरू नयेत म्हणून तोंडाशी रोवलेले खांब कित्येकदा सायकललाही अडवतात, आणि स्कूटर मात्र दुसरीकडून वाट काढते! पावसाळ्यात गटारावरील जाळीचे गज चाकाच्या दिशेने असले की चाक त्यांत अडकते. आणि जेथे खरा धोका, त्या चौकात तर मार्ग संपलेलाच असतो. डावीकडे वळणारी वाहने व सरळ जाणारा सायकलस्वार तेथेच एकमेकांसमोर येतात.

एवढे झाले की सायकलस्वार मार्ग सोडून मुख्य रस्त्यावर येतो. मग तक्रार निघते, की बांधून दिलेला मार्ग हे लोक वापरत नाहीत. एका तुटलेल्या दुव्यामुळे आधीचे पाच किलोमीटर निरुपयोगी ठरतात हे लक्षात घेतले, तर बांधलेल्या लांबीच्या आकड्याने समाधान मानण्याचे कारण राहत नाही. महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. शहरभर परस्परांना जोडलेले मार्ग, चौकांची सुधारणा आणि सायकली ठेवण्याची सोय ही त्यातील कल्पना योग्यच होती. त्याच सुमारास मोबाइलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकलींची योजनाही आली, परंतु २०१९ पर्यंत बहुतेक कंपन्यांनी ती गुंडाळली. जुन्या दुकानात भाड्याच्या सायकलीबरोबर ती दुरुस्त करणारा माणूसही असे. तो या योजनेत नव्हता.

नव्या गावांचे रस्ते

पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली (त्यांपैकी फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन पुढे स्वतंत्र नगर परिषदेसाठी वगळण्यात आली). शहरात कामाला येणारे अनेक सायकलस्वार याच भागांतून येतात. राज्याच्या इतर शहरांलगतच्या ग्रामपंचायतींतही आज हीच अवस्था आहे : कालचा पाणंद रस्ता आज डांबरी होतो आणि उद्या त्यावरून ट्रक धावू लागतात. मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. त्या मुली ज्या रस्त्याने शाळेत जातात तो रुंद होताना त्यांच्या सायकलीची गणना व्हावयास हवी. शाळेच्या शिक्षकांनी मुलींच्या येण्याजाण्याच्या वाटा व त्यांवरील धोक्याची ठिकाणे कागदावर उतरवून ग्रामसभेत मांडली, तर अभियंत्याच्या हाती मोजणीच्या आकड्याहून उपयुक्त असे काही पडेल.

१८ मीटर रुंदीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना २ मीटरचा सायकलमार्ग ठेवला तरी १४ मीटर उरतात. कुंपणाच्या भिंती व दुकानांच्या पायऱ्या पुढे येण्यापूर्वी ही जागा केवळ आखणीने मिळते; त्यानंतर तिच्यासाठी भूसंपादन करावे लागते.