बालवीर आणि सोंपविलेलें काम

बालवीर म्हणजे खाकी कपडे व शिट्टी, असें पुष्कळ वडील मंडळींस वाटतें. आमच्या मतें कपडे हा त्यांतील सर्वांत हलका भाग होय. इ. स. 1907 च्या ऑगस्टांत बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडांतील ब्राउन्सी बेटावर सुमारें 20 मुलें नेलीं. कांहीं श्रीमंतांच्या शाळांतील, कांहीं कष्टकऱ्यांच्या घरचीं. त्यांस मिसळून चार टोळ्या केल्या. टोळीचा नायक मुलगाच, आणि टोळीच्या वर्तनाची जबाबदारीही त्याच्याच शिरावर. तंबूंत राहणें, चूल पेटविणें, माग काढणें हें तीं एकमेकांच्या भरंवशावर शिकलीं.

हिंदुस्थानांत प्रथम पथकें निघालीं, तेव्हां मात्र हिंदी मुलांस दार बंद होतें! म्हणून येथील पुढाऱ्यांनीं स्वतंत्र संस्था काढिल्या. पुढें 1950 सालीं एकीकरण होऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था झाली.

उपदेशकबंधूंनो, गांवीं पथक नसलें तरी सहासात मुलांची टोळी करतां येईल. ती एकाच आळीची मात्र नसावी. नायक त्यांतूनच नेमावा. विहिरीची वाट साफ करणें, एकट्या म्हातारीस पाणी भरून देणें, हीं कामें तिजकडे सोंपवावीं. आणि काम चालू असतां वडिलांनीं मध्यें बोलूं नये.