कालवा की ओढा? मंगळावरील जीवसृष्टीचा शोध

एखाद्या शब्दाचे भाषांतर माणसाला किती दूर घेऊन जाते, हे पाहावयाचे असेल तर मंगळाकडे पाहावे. १८७७ साली मिलान येथील ज्योतिर्विद स्कियापारेल्ली यांना दुर्बिणीतून त्या ग्रहावर रेषा दिसल्या. त्यांना त्यांनी ‘कानाली’ म्हटले. ह्या इटालियन शब्दात निसर्गाने पाडलेला ओघळ व माणसाने खणलेला कालवा, दोन्ही सामावतात. इंग्रजीत मात्र दोहोंना निराळे शब्द आहेत, आणि रूढ झाला तो ‘कालवा’! ओढा आपोआप वाहतो. कालवा कोणीतरी खणावा लागतो. मग खणणारे कोण? अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ साली ॲरिझोनात वेधशाळा उभारली, आणि तहानलेल्या मंगळवासीयांनी ध्रुवांवरील पाणी आणण्यासाठी हे कालवे खणले, असे ग्रंथ लिहून प्रतिपादिले. सारा दोष भाषांतराच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही. सुएझ कालवा १८६९ सालीच खुला झाला होता. कालवा लोकांच्या मनातच होता.

१९६५ च्या जुलैत मरिनर-४ यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत विवरे होती, कालवा नव्हता. त्या रेषा मुख्यतः दृष्टिभ्रमच होत्या.

पुढे १९७६ साली व्हायकिंग याने मंगळावर उतरली. तेथील मातीत पोषक द्रव घालताच वायू बाहेर पडला. सूक्ष्मजीव असते तर असेच घडले असते. परंतु दुसऱ्या उपकरणास त्या मातीत सजीवांस आवश्यक अशी कार्बनी द्रव्ये निश्चितपणे आढळली नाहीत. तेव्हा वायूचे कारण मातीतील रसायने असावीत, असे बहुतेक शास्त्रज्ञांनी ठरविले. प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन यांना मात्र ते कधीच पटले नाही.

पर्सिव्हरन्स ही फिरती गाडी २०२१ पासून जेझेरो विवराच्या परिसरात आहे. पुरातन नदीच्या कोरड्या पात्रात (हा खरोखरीचा ओघळ, कोणी न खणलेला) २०२४ साली तिला ठिपकेदार खडक सापडला. त्या ठिपक्यांत लोहाची अशी खनिजे दिसतात, जी पृथ्वीवर पुष्कळदा सूक्ष्मजीवांमुळे बनतात. जीवाविनाही ती बनू शकतात. म्हणून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात ‘संभाव्य’ जीवखूण असाच शब्द आहे. मराठीत ही वार्ता सांगताना ते विशेषण गळाले, की पुन्हा कालवे खणले जातील.

त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून ठेविला आहे. तो पृथ्वीवर आणून तपासल्याखेरीज निर्णय होणे कठीण. आणि आणण्याची योजना खर्चापायी अडली आहे.