गॅप घ्या, पण पत्र हातात आल्यावरच

पदवीनंतर वर्षभर एखाद्या संस्थेत काम करायचं म्हटलं की सगळे सांगतात, अनुभव मिळेल. मिळतोच. पण तो कागदावर लिहून कोण देणार? मी हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "अगं, तू आमच्या घरातलीच. पत्रबित्र होईल सावकाश," असं भाऊ म्हणाले. संस्थाचालकांना तिथे सगळे भाऊच म्हणतात.

मला पुढे मुख्यमंत्री फेलोशिपला अर्ज करायचा होता. त्यासाठी पदवीला 60 टक्के आणि वर्षभराचा पूर्णवेळ अनुभव लागतो. टक्के होते, अनुभव हवा होता. म्हणून एम.ए. लांबणीवर टाकून मी जव्हारकडच्या पाड्यांवर गेले. कामात कसूर केली नाही, तिथल्या कुठल्याही अंगणवाडीताईंना विचारा. बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळायची. माप 11.5 सेंटिमीटरच्या खाली गेलं की पट्टीचा लाल भाग दिसतो, म्हणजे तीव्र कुपोषण. मग आईची समजूत घालून बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं. भातलावणीत घरी कुणी सापडत नाही, तेव्हा आम्ही बांधावर जाऊन मापं घेतली. ते काम मी उद्याही करीन.

राग आहे तो व्हाउचरचा. मानधन 6,000 रुपये, रोख. रेव्हेन्यू स्टॅम्पवर माझी सही, आणि रकमेचा आकडा पेन्सिलीने. "पेन्सिलीने का?" असं विचारलं तर "अकाउंटंट नंतर पेनने भरतात" हे उत्तर. मार्चअखेरीला हिशेबाच्या फायली लावायला मलाच बसवलं आणि माझीच व्हाउचरं हाताला लागली. 'क्षेत्र समन्वयक मानधन', रक्कम 14,000, अक्षरी चौदा हजार फक्त, निळ्या पेनने. महिन्यामागून महिना तेच. एकावर नीट न खोडलेला पेन्सिलीचा 6 अजून दिसत होता. मी आधी सगळ्यांचे फोटो काढले आणि मग ते एक घेऊन केबिनमध्ये गेले.

भाऊंनी चष्मा काढला, सावकाश पुसला. "तुला समाजाचं काम करायचंय की पैसे मोजायचेत?" ज्यांची व्याख्यानं ऐकून मी तिथे गेले, त्या माणसाचं हे उत्तर! वरचे पैसे कुठे गेले यावर अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवसापासून मला बैठकीला बोलावणं बंद झालं. वर्ष भरल्यावर अनुभवपत्र मागितलं तर म्हणाले, "तुम्ही तर स्वयंसेवक होतात, पूर्णवेळ कुठे?" स्वयंसेवकाला 14,000 मानधन कसं, असं विचारताच फोन कट. माझा त्या वर्षीचा अर्ज राहिला तो राहिलाच.

म्हणून सांगते, रुजू होण्याआधी पत्र घ्या. त्यात रुजू झाल्याची तारीख, 'पूर्णवेळ' हा शब्द, मानधनाचा आकडा आणि तुम्ही कुणाच्या हाताखाली काम करणार, हे सगळं हवं. पैसे बँक खात्यातच घ्या. रोखच देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. आधी काम करून गेलेल्या मुलांना फोन करा, पण संस्थेने दिलेल्या नंबरवर नको, स्वतः शोधून काढा. मी नंतर दोघींना शोधलं. दोघींनाही पत्र मिळालेलं नव्हतं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, तेही पाहा. अर्थात एवढ्यावर विसंबू नका, ही संस्थाही रीतसर नोंदलेलीच आहे. घरच्यांना विश्वासात घ्या, तब्येत सांभाळा.

दुसरे रस्ते आहेत. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्यांना दरमहा 6,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं, तेही थेट खात्यात. कारखान्यात किंवा कंपनीत जायचं तर अप्रेंटिसशिप बरी. तिला 1961 चा कायदा आहे, करार नोंदवावा लागतो, विद्यावेतन अडलं तर दाद मागायला जागा आहे. खेड्यातच राहायचं असेल तर स्टेट बँकेची 13 महिन्यांची यूथ फॉर इंडिया फेलोशिप पाहा. आणि नेमकं काय करायचं हेच उमगत नसेल, तर वर्ष कुणाच्या हवाली करण्याआधी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'निर्माण'च्या शिबिराला अर्ज करा. 2006 पासून ते याच प्रश्नावर तरुणांसोबत काम करताहेत.

व्हाउचरच्या फोटोंसह मी धर्मादाय कार्यालयात तक्रार दिली आहे. पोच मिळाली, सुनावणीची तारीख अजून नाही. त्या संस्थेत नव्या मुलांच्या मुलाखती मात्र जूनमध्ये सुरू होत आहेत.