शेतकऱ्याच्या नावावर परस्पर कर्ज : ओळख व पत यांचे रक्षण

मृग नक्षत्र जवळ आले की कोयना खोऱ्यातील शेतकरी भाताचे बियाणे व खत यांची तजवीज करू लागतो आणि पीककर्जासाठी गावच्या सोसायटीत किंवा पाटण, कोयनानगरच्या बँकेत जातो. समजा, अशा एका शेतकऱ्याला बँकेतून सांगण्यात आले की, त्याच्या नावावर एका वित्त कंपनीचे दुचाकीचे कर्ज असून त्याचे हप्ते आठ महिने थकलेले आहेत. त्याच्या घरी दुचाकी नाही व ती कंपनीही त्याने पाहिलेली नाही. मात्र कर्जाच्या कागदांत त्याचे नाव, त्याचा आधार क्रमांक व त्याचे छायाचित्र आहे. पेरणीला पंधरा दिवस उरले असता त्याच्यावर शेताची कामे सोडून, न घेतलेले कर्ज आपले नाही हे सिद्ध करण्याची वेळ येते. हा प्रकार कसा घडतो, तो वेळीच कसा ओळखावा व घडल्यास काय करावे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. कारण शेतकरी प्रथम त्याच्याकडेच येणार.

जुना रोग, नवे रूप

दख्खनच्या शेतकऱ्याला हा रोग नवा नाही. पूर्वी सावकाराच्या रोख्यावर निरक्षर कुणबी अंगठा उठवी किंवा नांगराची निशाणी करी. रोख्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. पावती मिळत नसे, फेडलेली रक्कम वहीत चढत नसे आणि दाव्याची खबर लागण्यापूर्वीच एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. लोकांनी बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवाला हात लावला नाही. त्यांनी रोखे व खतपत्रे मागून घेतली आणि ती जाळली. राग मुख्यतः कागदावर होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, फेडीची पावती द्यावी आणि मागणी केल्यास हिशेबाची वही शेतकऱ्याच्या हाती असावी, अशी तरतूद त्यात होती. आजच्या उपायांचे मूळही हेच आहे. आपल्या नावावर काय लिहिले गेले आहे ते आपण स्वतः पाहावयाचे व त्याचा पुरावा आपल्याजवळ ठेवावयाचा. फरक एवढाच की, रोखा आता सावकाराच्या पेटीत नसून दूरच्या संगणकात असतो, आणि तेथे जाऊन तो जाळता येत नाही.

अलीकडचे उदाहरणही महाराष्ट्रातीलच आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड परिसरातील एका खासगी साखर कारखान्याच्या संबंधात २०१७ साली गुन्हा नोंदविला गेला. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांच्या आधारे त्यांच्या नावांवर बँकांतून मोठाली कर्जे परस्पर उचलण्यात आली, असा त्यातील आरोप होता. कित्येक शेतकऱ्यांना याची पहिली वार्ता बँकेच्या नोटिशीनेच कळली. पीकविम्याच्या कामातही, २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा मिळण्याची जी योजना काही हंगाम चालली, तिच्यात दुसऱ्याच्या जमिनीवर अर्ज भरल्याची अनेक प्रकरणे शासनाच्या तपासणीत उघडकीस आली.

कागद कोठून निसटतो

शेतकऱ्याचा कागद बहुधा चोराने नेलेला नसतो. त्याने तो स्वतःच दिलेला असतो. अनुदानाचा अर्ज, शिधापत्रिकेचे काम, मोबाईलचे सिमकार्ड, बचत गटाची नोंद, अशा प्रत्येक ठिकाणी आधारपत्राची छायाप्रत मागितली जाते व ती कोऱ्या सहीनिशी दिली जाते. म्हणून छायाप्रतीवर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली, हे आडवे लिहून सही करावी. जेथे पूर्ण क्रमांकाची आवश्यकता नाही तेथे ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात अशी आधाराची प्रत द्यावी. ती आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठा करू नये, मग तो अर्ज भरणारा कितीही ओळखीचा असो.

पाटण तालुक्यात याहून एक निराळी अडचण आहे. येथील घराघरांतून माणसे मुंबई व नवी मुंबई येथे कामाला आहेत. गावी वृद्ध आईवडील असतात आणि त्यांच्या आधाराला जोडलेला मोबाईल क्रमांक पुतण्याचा, दुकानदाराचा किंवा कधी काळी घेतलेल्या व आता बंद पडलेल्या सिमकार्डाचा असतो. बंद पडलेला क्रमांक काही काळानंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यानंतर म्हाताऱ्याच्या नावाचे परवलीचे अंक त्या अनोळखी माणसाच्या हाती जातात. सहायक कृषी अधिकाऱ्याने शेतकरी ओळख क्रमांकाची किंवा पीएम-किसानच्या केवायसीची कामे करताना, आधाराला जोडलेला क्रमांक कोणाचा व तो चालू आहे का, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते व जे आपले नाही ते तेथूनच कळविता येते.

अंगठ्याविषयी थोडे सविस्तर सांगणे जरूर आहे. आधारावर आधारित व्यवहारात बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा ठेवला की खात्यातून पैसे काढता येतात. तेथे परवलीचे अंक लागत नाहीत. कोयनेच्या दुर्गम वाड्यांना ही मोठी सोय आहे. परंतु ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा ठेवा’ असे म्हणून दोनदा अंगठा घेतल्यास प्रत्येक वेळी पावती मागावी. अंगठ्याचे ठसे प्राधिकरणाकडे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. तथापि कुलूप लावल्यावर रेशनच्या दुकानातील यंत्रावरही अंगठा चालत नाही व प्रत्येक वेळी ते उघडावे लागते. म्हणून ज्या घरात मोबाईल हाताळणारे कोणी नाही, त्यांना हा उपाय सरसकट सुचवू नये. त्यांनी खात्याची नोंदवही दरमहा भरून घेणे अधिक उपयोगाचे.

व्हॉट्सॲपवर ‘पीएम-किसानची यादी’ किंवा ‘केवायसी अद्ययावत करा’ अशा नावाने एपीके प्रकारची फाईल येते. ती उघडली की मोबाईलमध्ये येणारे संदेश तिसऱ्याच माणसाला दिसू लागतात. कृषी विभाग किंवा कोणतीही बँक अशी फाईल व्हॉट्सॲपवर पाठवीत नाही.

पतअहवाल म्हणजे काय

कर्जदाराने कोठे, किती कर्ज घेतले व ते कसे फेडले याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्यान्वये त्यांचे काम चालते. लोक सर्वांनाच ‘सिबिल’ म्हणतात. बँकांनी पाठविलेल्या माहितीवरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक अंक काढला जातो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा अंक निघत नाही. हा दोष नव्हे. आपला अहवाल आपण स्वतः पाहिल्याने अंक कमी होत नाही, ही समजूतही लोकांना करून द्यावी. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये, असे २०२५ च्या खरिपापूर्वी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले होते. असे असले तरी ट्रॅक्टर, दुभती जनावरे किंवा घर यांसाठी कर्ज मागताना हा अहवाल पाहिला जातोच.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे या चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळेच फसव्या जाहिरातींचे फावते.

या जाहिराती दोन जातींच्या आढळतात. एकीत ‘मोफत सिबिल पाहा’ असे म्हणून मोबाईलवर माहिती भरून घेतात व शेवटी एक-दोन रुपये भरावयास सांगतात. त्या एका होकाराबरोबर दरमहा ठराविक रक्कम खात्यातून आपोआप कापण्याची संमतीही दिली जाते. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या सदरात अशा संमतींची यादी दिसते व तेथेच ती रद्द करता येते. दुसरी जाहिरात अधिक धाडसी. ‘खराब सिबिल आठ दिवसांत साफ’, ‘सिबिल नसले तरी कर्ज’ अशा पाट्या तालुक्याच्या गावी भिंतींवरही दिसतात. खरी असलेली थकबाकी अहवालातून पुसण्याचा अधिकार कोणत्याही मध्यस्थाला नाही. चुकीची नोंद दुरुस्त करून घेणे मात्र शेतकऱ्याचा हक्क आहे व त्याला शुल्क पडत नाही. म्हणजे मध्यस्थ जे करू शकतो ते फुकट होते आणि ज्याचे पैसे घेतो ते त्याला करता येत नाही. शिवाय या व्यवहारात आधार, पॅन, बँकेचे खाते व सही एवढे सर्व त्याच्या हवाली होते. कर्ज मंजूर करण्यापूर्वी ‘प्रोसेसिंग’ची रक्कम आगाऊ मागणारा तर कर्ज देण्यासाठी आलेलाच नसतो.

अहवाल वाचताना घाई करू नये. अनोळखी दिसणारे खाते प्रत्येक वेळी बनावट असतेच असे नाही. सोसायटीच्या सभासदांनी एकमेकांना जामीन राहण्याची आपल्याकडे रीत आहे. जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसू शकते व मूळ कर्जदार थकला तर त्याची झळ जामीनदाराला लागते. त्याचप्रमाणे २०१७ व २०१९ च्या कर्जमाफीत बसलेले खाते ‘बंद’ दाखविले आहे की अजून थकीत, हे पाहावे. कर्ज तडजोडीने मिटविले असल्यास तशी नोंद राहते. ती चूक नव्हे.

सातबाराही याच दृष्टीने वाचावा. ‘इतर हक्क’ या रकान्यात न घेतलेल्या कर्जाचा बोजा चढला आहे काय, हे वर्षातून दोनदा तरी पाहावे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. कोयनेच्या पुनर्वसनात ज्यांना ठाणे, रायगड, सांगली किंवा सोलापूर जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या व ज्यांचे येणेजाणे मूळ खोऱ्यातच राहिले, त्यांनी त्या दूरच्या गावाचा उतारा अवश्य काढावा. जेथे मालक दिसत नाही तेथे त्याच्या नावाचा वापर करणे सोपे असते. मृत खातेदाराची वारस नोंद रखडवू नये, याचेही कारण हेच.

बनावट कर्ज आढळल्यास

खात्यातून पैसे गेले असतील तर प्रथम १९३० या क्रमांकावर कळवावे; येथे तासांचा हिशेब असतो, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघण्यापूर्वीच ते अडविता येतात. लगेच आपल्या बँकेतही कळवावे. बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले नंतर कोणाला आठवत नाही.

कर्ज बनावट असेल तर ज्या संस्थेने ते दाखविले आहे तिला लेखी अर्ज देऊन कर्जप्रकरणातील सही, अंगठा, छायाचित्र व रक्कम ज्या खात्यात गेली त्याचा तपशील मागावा. बहुधा रक्कम कोणत्या खात्यात गेली यावरूनच सत्य बाहेर येते. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत या अर्जाला जोडावी. त्याच वेळी पतकंपनीकडे, व नोंद एकाहून अधिक अहवालांत असल्यास त्या प्रत्येक कंपनीकडे, हरकत नोंदवावी. अर्जाची तारीख वहीत लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या आदेशानुसार, जो एप्रिल २०२४ पासून अमलात आला, तक्रार ३० दिवसांत निकालात न निघाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये याप्रमाणे भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. कर्ज देणाऱ्या संस्थेने पहिल्या २१ दिवसांत दुरुस्त माहिती पतकंपनीला पाठविली नाही तर ही भरपाई त्या संस्थेकडून, व तिने ती वेळेत पाठवूनही कंपनीने दुरुस्ती केली नाही तर कंपनीकडून मिळावयाची असते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. पोच नसलेल्या अर्जाचे दिवस मोजता येत नाहीत, म्हणून कार्यकर्त्याने शेतकऱ्याचा अर्ज लिहून देताना त्याच्या दोन प्रती कराव्यात आणि शिक्का मारलेली प्रत त्याच्या सातबाराच्या पिशवीत ठेववावी.