पाणी घालणारे पुष्कळ, काढणारा एखादाच

बाळ,

बेळगावजवळच्या हिंडलग्यात राहून सोफे आणि गालिचे धुण्याचा धंदा काढायचा म्हणतोस. काढ. जागा या धंद्याला चांगली आहे. एका अंगाला कॅम्प, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि लष्करी क्वार्टर्स; दुसऱ्या अंगाला विजयनगर, गणेशपूर, सह्याद्रीनगरची नवी घरं; आणि चहूकडं मंगल कार्यालयं. सोफा आता घरोघरी आहे, पण त्याला उचलून मोरीत नेता येत नाही. काम आहे, करणारी माणसं कमी आहेत.

मी उभं आयुष्य कुशनच्या कामात घातलं. जुने सोफे उसवले, त्यांच्या पोटात काय काय साठतं ते पाहिलं. त्यावरून एकच गोष्ट तुझ्या कानात घालायची आहे: या धंद्यात काय घालतोस याला फारसं मोल नाही, काय बाहेर काढतोस त्याला आहे. धूळ काढायची, साबण काढायचा, पाणी काढायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

आधी कोरडं काम

गालिच्यातली बहुतेक घाण कोरडी असते. माती, वाळूचे कण, केस, कपड्यांचे तंतू. त्यावर आधी पाणी पडलं की चिखल होतो आणि तो धाग्याच्या मुळाशी जाऊन बसतो. म्हणून पाण्याची बाटली उघडण्याआधी व्हॅक्यूम. गालिचा उलटा करून पाठीवरून एकदा, मग सुलटा करून आडवा आणि उभा. सोफ्याच्या उश्या काढून खाचा साफ करायच्या. या कामाला घाई करू नको. अर्धं यश इथंच आहे.

धूळ ओढून घेणारं हे यंत्र १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथनं काढलं. ते इतकं मोठं होतं, की घोडागाडीवरून घरासमोर यायचं आणि नळ्या खिडकीतून आत जायच्या. एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकाआधी, १९०२ मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा त्याच्या यंत्रानं साफ झाला. बूथनं सुरुवातीला यंत्र विकण्यापेक्षा साफ करून द्यायची सेवा विकली, आणि नळीचा एक भाग पारदर्शक ठेवला, म्हणजे घरच्यांना आपल्याच घरातली माती जाताना दिसावी. तूही तेच कर. व्हॅक्यूमच्या टाकीत जमलेली धूळ कागदावर ओतून गिऱ्हाइकाला दाखव. त्यानंतर दरावरून घासाघीस कमी होते.

धागा ओळखल्याशिवाय हात लावू नको

गालिच्याच्या पाठीकडून, कोपऱ्यातला एक सुटा धागा मालकाला विचारून काढ आणि अंगणात नेऊन जाळ. जळक्या केसांचा वास आला आणि राख बोटानं चुरली, तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख, तर सूत किंवा व्हिस्कोस. वितळून कडक गोळी झाली, तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन.

हे कळलं की अर्धे निर्णय आपोआप होतात. लोकरीला आणि रेशमाला सोड्याचं किंवा कडक कपड्याच्या पावडरीचं पाणी चालत नाही, क्लोरीनचं ब्लीच तर धागाच खातं. गरम पाणी आणि जोराची घासाघीस एकत्र आली की लोकर आटते. व्हिस्कोस दिसतं रेशमासारखं, पण ओलं झालं की कमजोर होतं आणि त्याची लव बसते. असला गालिचा सुरुवातीची दोन वर्षं घेऊच नको. प्लास्टिकच्या धाग्याचे यंत्रावरचे गालिचे सगळ्यांत सोशीक, शिकायचं त्यावर.

आपल्याकडं जुन्या घरांत धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचे सुती जमखाने सापडतात. त्यांना भौगोलिक मानांकन आहे, आणि घरच्यांचा त्यावर जीव असतो. लाल आणि निळा शेजारी शेजारी असतील तिथं पांढरं फडकं ओलं करून, चार थेंब साबणाचं पाणी घालून, अर्धा मिनिट दाबून धर. फडक्यावर रंग उतरला, तर ओलं काम नाही. हे गिऱ्हाइकासमोरच कर, म्हणजे नकार देताना तुला काही सिद्ध करावं लागत नाही.

सोफ्याच्या पोटात काय आहे ते विचार

मोठ्या कंपनीच्या सोफ्याला खाली लेबल असतं. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याचं काम चालतं, ‘एस’ म्हणजे फक्त सॉल्व्हंट, ‘एक्स’ म्हणजे नुसता व्हॅक्यूम. पण आपल्या भागातले बहुतेक सोफे इथल्याच कारागिरांनी केलेले, त्यांना लेबल नाही. तिथं हातानं दाबून बघ आणि विचारून घे. आत नुसता फोम असेल, तर तो पाणी धरून ठेवतो आणि दिवसचे दिवस सोडत नाही. जुन्या सोफ्यात काथ्या असेल, तर पाणी आतपर्यंत गेलं की चहासारखा तपकिरी रंग कापडावर चढतो. खिळे आणि स्टेपल लोखंडी. ओल राहिली की गंजाचे ठिपके उठतात. प्लायवूडची चौकट फुगते.

म्हणून नियम असा: कापड ओलं करायचं, फोम भिजवायचा नाही. फवारा हलका, खेचणं दुप्पट. एकदा फवारत नळी फिरवलीस, तर दोनदा नुसतं ओढत फिरव.

साबण जितका कमी तितकं काम चांगलं

डब्यावर एकास वीस लिहिलं असेल, तर दहा लिटर पाण्याला अर्धा लिटर. मापटं ठेव, अंदाज नको. साबण कापडात राहिला की ते चिकट होतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा मळतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, धुतल्यापासून जास्तच घाण होतंय. फवारा मारल्यावर दहा मिनिटं थांब, मऊ ब्रशनं फिरव, मग साध्या पाण्यानं खेच. टाकीतलं पाणी फेसाळ येतंय तोवर काम संपलेलं नाही. शेवटी पांढरा कोरडा पंचा दाबून बघ. तो स्वच्छ निघाला की झालं.

बोअरचं पाणी जड असेल तिथं साबणाला फेस येत नाही आणि माणूस आणखी साबण ओततो. अशा घरी वीस लिटर नळाचं पाणी आपल्या कॅनमधून घेऊन जा.

आपल्याकडचे डाग

तांबडी माती: पावसाळ्यात पश्चिमेच्या खेड्यांतून ती पायाला लागून येते. ओली असताना हात लावू नको. पूर्ण सुकू दे, ब्रशनं मोकळी कर, व्हॅक्यूमनं ओढ आणि उरेल तेवढ्यालाच पाणी दाखव.

हळद: लग्नघरचा डाग. साबण लागला की तो लालभडक होतो, आणि नवखा माणूस घाबरून आणखी साबण घासतो. तो हळदीचा स्वभाव आहे, क्षार लागला की ती लाल होते. पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून टिपलंस की पिवळ्यावर येते. मग थोडा थोडा वेळ ऊन दाखव. उन्हात हळद विटते. सोफ्याचा रंगही उन्हात विटतो, तेवढं भान ठेव.

चहा-कॉफी: यालाही क्षार नको, डाग पक्का तपकिरी होतो. व्हिनेगरचं सौम्य पाणी.

रक्त, दूध, अंडं: फक्त थंड पाणी. गरम पाण्यानं ते शिजून धाग्याला धरतं.

शाई: पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन कडेकडून मध्याकडं टिपायचं. घासलंस, तर डाग पसरतो.

मेण: वर तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री.

कुत्र्या-मांजराची लघवी: वरून सुगंध मारून भागत नाही. एन्झाइमचं औषध घालून, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं.

आणि एक जिवाची गोष्ट. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडासाचं ॲसिड कधी मिसळू नको. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एक बादली, एक औषध. नव्या औषधाआधी बादली धुवायची. खिडक्या उघड्या, हातात मोजे.

वाळवणं हाच खरा धंदा

ओलं करणं कुणालाही येतं. संध्याकाळपर्यंत सोफा कोरडा करून देणारा पोरगा लोक लक्षात ठेवतात. घरचा पंखा पुरे होत नाही, जमिनीवरून वारा मारणारा एक ब्लोअर आपला न्यायचा. उश्या उभ्या करून ठेवायच्या, एकीवर एक नाही. लोकरीचा ओला गालिचा तारेवर टांगायचा नाही. आपल्याच ओल्या वजनानं तो ताणला जातो. बांबूच्या चौकटीवर पसरायचा.

जून ते सप्टेंबर बेळगावची हवा तुला ठाऊक आहे. कपाटातल्या चपलांना बुरा येतो. त्या महिन्यांत खोल ओलं काम घेऊ नको. कोरडा व्हॅक्यूम, फेसाचं वरवरचं काम, गाड्यांच्या सीटा आणि मशीनची दुरुस्ती, एवढ्यावर भागव. ज्या घराला थांबायचं आहे, त्यांना गणपतीनंतरची, उघडीप बघून, तारीख दे. दसरा-दिवाळीला धावपळ असते, तुळशीच्या लग्नापासून मंगल कार्यालयं जागी होतात, आणि लष्करी बदल्यांच्या वेळी क्वार्टर रिकामं करणारी कुटुंबं सामान साफ करून नेतात. वर्षाचा हिशेब या फेऱ्यावर मांड, महिन्याच्या सरासरीवर नको.

सामान आणि पैसा

सुरुवातीला ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, फवारणीचे दोन हातपंप, तीन प्रकारचे ब्रश, वीसेक पांढरे पंचे, एक ब्लोअर आणि अर्थिंगची तीन पिनांची जाड वायर. एवढ्यावर शिकता येतं. फवारून खेचणारी स्प्रे-एक्स्ट्रॅक्शन मशीन दुसऱ्या टप्प्यात घे, काम मिळायला लागल्यावर. लागेल त्या प्लगला मशीन लावू नको. आधी पॉइंट किती अँपिअरचा आहे ते बघ आणि ओल्या हातानं स्विचला जाऊ नको.

दर बसण्याच्या जागांवर सांग, गालिच्याचा चौरस फुटावर. समजा, पाच सीटच्या सोफ्याला तू दीड हजार घेतोस. दोघांची अर्ध्या दिवसाची मजुरी सातशे, औषध दीडशे, पेट्रोल शंभर, मशीनच्या झिजेला दोनशे बाजूला. उरले साडेतीनशे. आकडे तुझे तू भर, पण आपली मजुरी आणि मशीनची झीज धरल्याशिवाय दर सांगू नको. झीज न धरणारा माणूस वर्षभर कमावतो आणि मोटर जळली की बंद पडतो.

उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते, फी नाही. दलालाला पैसे देऊ नको. सेवेची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगार योजनेचं अनुदान हवं असेल, तर मशीन घेण्याआधी अर्ज कर, कारण ती योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालू धंद्याला ते सहसा मिळत नाही. त्यात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला पंचवीस आणि महिलांना पस्तीस टक्के अनुदान आहे. सूनबाई खरोखर धंदा बघणार असेल, तर तिच्या नावानं अर्ज करायचा विचार कर. ग्रामपंचायतीत परवान्याची चौकशीही आधीच करून ठेव.

दुसऱ्याच्या घरात

जमेल तेव्हा दोघांनी मिळून जा. घरी एकटी बाई असते, सूनबाई बरोबर असली की तिला मोकळं वाटतं. चपला बाहेर, देवघराच्या बाजूला मशीन नाही. काम सुरू करण्याआधी फाटलेली शिवण, जुना डाग, उडालेला रंग यांचे फोटो काढून घरच्यांना दाखव आणि वहीत सही घे. कुठला डाग जाईल, कुठला फिका होईल, कुठला राहील, हे आधी सांग. ‘सगळं नव्यासारखं करून देतो’ हे वाक्य तोंडातून काढू नको. उश्यांखाली सापडलेलं नाणं असो की कानातलं, लगेच हातात दे. ढेकूण दिसले, तर काम थांबव, आधी फवारणी करून घ्यायला सांग. नाहीतर तुझ्याच नळीतून ते पुढच्या घरी जातील.

आपल्या भागात एका गल्लीत मराठी, दुसरीत कन्नड, कॅम्पात हिंदी. ज्याच्या घरी जाशील त्याच्या भाषेत चार शब्द बोल. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा प्रश्न आपल्या गावानं सोसला आहे, हिंडलग्यातलं हुतात्मा स्मारक आपण विसरत नाही. तरीही ‘बर्री, कुंद्री’, म्हणजे या, बसा, म्हणून आदरानं बसवणाऱ्या कन्नड घराला तितकाच आदर द्यायचा. आपली मराठी त्यानं कमी होत नाही.

आता पहिलं काम सांगतो. मशीनच्या दुकानात पुढच्या महिन्यात जा. या महिन्यात कुशनवाल्यांकडून लोकर, सूत, व्हिस्कोस, पॉलिस्टरचे तुकडे आण, धागे जाळून ओळखायला शीक, त्यांवर हळद-चहा-शाई सांड आणि काढून बघ. मग आपल्याच घरचा सोफा धू, आणि तो किती तासांत कोरडा होतो ते घड्याळ लावून वहीत लिही. तो आकडा छातीठोकपणे सांगता आला, की पहिलं गिऱ्हाईक घे.