पुणे–नागपूर : पाऊण तास की सव्वापाच तास?

मित्रांनो, वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, हे आपण शाळेतच शिकलो. हेच सूत्र तिसऱ्या वर्षाला असताना मी चुकीच्या जागी वापरलं. त्याची ही गोष्ट, आणि थोडं गणित.

संध्याकाळी नागपूरहून आईचा फोन आला. बाबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ठरलं होतं. मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.

पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ अंश उत्तर, ७३.९२ अंश पूर्व. नागपूरचा सोनेगाव २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. अक्षांशांतला फरक २.५१ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ कि.मी., म्हणून उत्तरेकडे २७९ कि.मी. रेखांशांतला फरक ५.१३ अंश. पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून १११ ला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९४ ने गुणायचं. पूर्वेकडे ५३५ कि.मी. मग आपला पायथागोरस: सुमारे ६०३ कि.मी. (गोलाच्या सूत्राने ६०५ येतात.)

जेटचा वेग ताशी ८०० कि.मी. धरला. उत्तर ४५ मिनिटं! आईला सांगून टाकलं, "पाऊण तासाचं तर विमान, सातला तुझ्यासमोर उभा असेन." तिकीट काढलं तर त्यावर सव्वासहा ते सात चाळीस. कंपनी उगाच वाढवून लिहिते, असं वाटलं.

चूक कुठे झाली? अंतर बरोबर होतं. ताशी ८०० हा वेग मात्र फक्त वर, सपाट उड्डाणात मिळतो. उतरताना ठोकताळा असा की दर हजार फुटांना ३ नॉटिकल मैल लागतात. म्हणजे ३३,००० फुटांवरून उतरायला ९९ नॉटिकल मैल, सुमारे १८३ कि.मी. चढायलाही साधारण तेवढंच. म्हणजे ६०० पैकी पूर्ण वेगाचे कि.मी. उरले जेमतेम २००-२५०. शिवाय १०,००० फुटांखाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ कि.मी.ची मर्यादा. विमान सरळ रेषेत न जाता ठरलेल्या हवाईमार्गाने जातं. तिकिटावरची वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यात आलं. एटीआरसारखं पंख्याचं विमान असेल तर वेग ताशी ५०० च्या आसपास, म्हणजे आणखी उशीर.

आता माझा प्रवास बघा. साडेतीनला हॉस्टेल सोडलं, सव्वाचारला विमानतळ. सव्वासहाला विमान हललं, सात चाळीसला थांबलं. बॅग यायला आठ वाजले. रिक्षाने हॉस्पिटल गाठेपर्यंत पावणेनऊ. एकूण सव्वापाच तास, त्यात पूर्ण वेगाने उडणं वीसेक मिनिटंच!

बाबांना साडेआठलाच आत नेलं होतं. आई म्हणाली, "सातपासून दाराकडेच बघत होते रे. तूच म्हणालास ना, पाऊण तास?"

ऑपरेशन नीट झालं, बाबा घरी आले. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. मी खरं सांगितलं असतं, तर ते निदान दाराकडे बघत बसले नसते.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत आपापल्या गावाचा हिशोब जरूर करून बघा. मात्र घरी फोन करताना विमानाची नव्हे, खोलीपासून दारापर्यंतची वेळ सांगा. आणि वर अर्धा तास जास्तच सांगा.