घडीच्या चाकूंचा संग्रह

टपालाच्या तिकिटांपलीकडेही संग्राहकांनी दृष्टी टाकावी, असे आम्हांस वाटते. सुरतेत गुजराती शेजारी ज्यास 'चप्पू' म्हणतात, तो घडीचा चाकू जुन्या घरांतून कधी कधी सूडीच्या, म्हणजे अडकित्त्याच्या, शेजारी सापडतो. कच्छात भूजजवळचे रेहा हे गाव या दोन्हींच्या घडणीकरिता नावाजलेले आहे. उत्तरेतील रामपूरचा चाकू मात्र चित्रपटांनी उगाच बदनाम केला.

चाकू हाती येताच प्रथम त्याची कमान पाहावी. मुठीच्या पाठीशी असलेली ही पोलादी पट्टी पात्याचे बूड दाबून धरते, म्हणून पाते उघडे राहते. साध्या चाकूत ती कुलूप नव्हे. पात्याच्या पाठीवर जोर पडल्यास ते बोटांवर मिटते!

साधे पोलाद सुरतेच्या दमट हवेत लवकर गंजते. यास्तव बोटांचा घाम पुसून पात्यास तेलाचा पुसट हात द्यावा. कातडी म्यानात ते फार दिवस ठेवू नये, कातडे ओलावा धरते. जुना काळसर रंग घासून काढू नये. चकाकीच्या हौसेपायी वस्तूचे वयच पुसले जाते.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेल्या संग्रहात अडकित्त्यांच्या नाना तऱ्हा आहेत. त्या पाहिल्या म्हणजे घरगुती वस्तूंचे मोल कळते. नवा चाकू मित्रांस दाखविताना आधी किंमत सांगण्याची खोड आम्हांस रुचत नाही. तो कोणाच्या घरचा, कशास वापरला, पात्यावर शिक्का कोणता, हे त्याच दिवशी वहीत टिपावे. सांगणारे वृद्ध गृहस्थ पुन्हा भेटतीलच असे नाही. आणि पाहावयास देताना चाकू मिटूनच द्यावा.